नोंदवही खरी राहिली पाहिजे: प्रॉक्सीमागील मायक्रोसर्व्हिसेससाठी सर्व्हिस डिस्कव्हरी कशी उभारावी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यासाठी आम्ही मागणी, साठा, बिल आणि रवानगी अशा चार स्वतंत्र सेवा लिहून दिल्या होत्या आणि चौघींच्या पुढे एकच प्रॉक्सी, म्हणजे आलेली विनंती योग्य सेवेकडे पोहोचवणारा मध्यस्थ प्रोग्राम, उभा केला होता. मे महिन्यातील एका संध्याकाळी वीज गेली, थोड्या वेळाने इन्व्हर्टरची बॅटरीही संपली, आणि वीज परतल्यावर राउटरने सर्व यंत्रांना पत्ते नव्याने वाटले. त्या वाटपात पूर्वी बिलाच्या सेवेकडे असलेला पत्ता साठ्याच्या सेवेला मिळाला. दोन्ही सेवा ८०८० याच पोर्टवर, म्हणजे आपापल्या यंत्राच्या त्याच क्रमांकाच्या दारावर, चालत होत्या आणि प्रॉक्सीच्या फाइलीत पत्ते हाताने लिहिलेले होते. रवानगी विभागातील लिपिकाने बिल छापण्याचे बटण दाबले की विनंती साठ्याच्या सेवेकडे जाई आणि ४०४, म्हणजे 'असे काही येथे नाही', असे उत्तर येई. खरी अडचण मात्र पुढची होती. सेवा जिवंत आहे का हे पाहण्याचा, म्हणजे तिची प्रकृती तपासण्याचा, मार्ग चारही सेवांत एकाच नावाचा असल्याने आमच्या देखरेखीच्या पडद्यावर सर्व काही हिरवे दिसत होते, आणि बाहेर ट्रक उभा असताना पाऊण तास आम्ही बिलाच्या सेवेतच चूक शोधत बसलो.

त्या दिवसानंतर आम्ही हाताने पत्ते लिहिणे बंद केले आणि सर्व्हिस डिस्कव्हरी उभारली, म्हणजे कोणती सेवा या क्षणी कोणत्या पत्त्यावर आहे हे एका नोंदवहीतून प्रॉक्सीला आपोआप कळण्याची व्यवस्था. ती उभारण्याचा क्रम, त्यातील खाचखळगे आणि कोणता आकडा कोठे का ठेवावा, हे येथे सविस्तर मांडले आहे. सेवेची नोंद करणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे; नोंदवहीतील प्रत्येक ओळ या क्षणी खरी आहे ना, याची व्यवस्था लावण्यात खरे कष्ट आहेत, म्हणून लेखाचा बराचसा भाग त्याच कामाला दिला आहे.

कल्पना आणि तिची गरज

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यात व्यापारी माल मागतो, तेव्हा तो कोणत्या मागावर विणला जाणार हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. कोणता माग चालू आहे, कोणत्या मागावरचा बीम संपत आला आहे, कोणता माग दुरुस्तीला उघडून ठेवला आहे, हे जॉबरला, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीला, माहीत असते. व्यापारी दिवाणजीशी बोलतो, दिवाणजी जॉबरला विचारतो आणि काम चालू मागावर पडते. आपल्या रचनेत प्रॉक्सी हा दिवाणजी आहे आणि सेवांची नोंदवही हा जॉबर आहे. जॉबर पहाटे एकदा फेरी मारून दिवसभर तेवढ्याच माहितीवर बोलू लागला, तर तो नसलेलाच बरा. नोंदवहीचेही तसेच आहे.

प्रत्येकाला याची गरज असतेच असे नाही. सर्व सेवा एकाच यंत्रावर डॉकर कंपोजने, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या बंद डब्यात चालवणाऱ्या साधनाने, चालत असतील, तर डॉकरचा अंगभूत डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सोय), जो कंटेनरच्या आत १२७.०.०.११ या पत्त्यावर उत्तर देतो, तेवढा पुरतो. अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणारे कुबरनेटीस वापरत असाल, तर तेथे सेवांची नावे व पत्ते जुळवणारी कोअरडीएनएस आणि सर्व्हिस ही रचना आधीच असते व वेगळी नोंदवही आणणे म्हणजे कामात काम वाढवणे. परंतु तीन-चार ते पंधरा-वीस यंत्रे, काही सेवा कंटेनरमध्ये, काही थेट यंत्रावर, एखादी जुनी जावा सेवा आणि देखभालीला दोन-तीन माणसे, असे चित्र आपल्याकडच्या अनेक कार्यालयांत आणि कारखान्यांत असते. तेथे नोंदवहीसाठी कॉन्सुल आणि प्रॉक्सी म्हणून एचएप्रॉक्सी ही जोडी मला सर्वांत सरळ वाटते. कॉन्सुल ही हॅशिकॉर्प कंपनीने २०१४ साली आणलेली प्रणाली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने तिच्या पुढील आवृत्त्यांसाठी बिझनेस सोर्स लायसन्स लागू केले. स्वतःच्या कामासाठी ती चालवण्यास त्याने आडकाठी येत नाही, मात्र तिच्यावर आधारलेले स्पर्धक उत्पादन विकण्याचा विचार असेल, तर परवाना आधी नीट वाचावा.

लिपीविषयी एक सूचना. खाली सेटिंगांची आणि आदेशांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलीत ती रोमन लिपीतच लिहावी लागतात. दोन शब्द कोठे अंडरस्कोरने आणि कोठे आडव्या रेघेने जोडायचे, हे त्या त्या साधनाच्या अधिकृत संदर्भपानावर पाहून घ्यावे, कारण तेवढ्या एका चिन्हाने फाइल नाकारली जाते.

पहिली पायरी: कागदावर आराखडा

संगणकाला हात लावण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येक सेवेचे नाव, तिचे पोर्ट, ती कोणत्या यंत्रांवर चालते आणि ती कोणत्या सेवांना हाक मारते, हे लिहून काढावे. नावे डीएनएसमध्ये जाणार असल्याने त्यांत अंडरस्कोर नसावा. दोन शब्द जोडायचे असल्यास आडवी रेघ वापरावी. आमच्या यादीत एका सेवेचे नाव अंडरस्कोरसह होते आणि ते बदलताना चार ठिकाणचा कोड बदलावा लागला, म्हणून हे आधीच सांगतो.

या लेखातील उदाहरणात १९२.१६८.१०.११, १२ आणि १३ ही तीन यंत्रे कॉन्सुलच्या सर्व्हरसाठी, २१, २२ आणि २३ ही सेवांसाठी आणि १९२.१६८.१०.५ हे प्रॉक्सीसाठी धरले आहे. सेवांच्या यंत्रांचे पत्ते बदलले तरी आता बिघडणार नाही, कारण त्यासाठीच हा खटाटोप आहे; परंतु कॉन्सुल सर्व्हरचे तीन आणि प्रॉक्सीचा एक, असे चार पत्ते राउटरमध्ये कायमचे बांधून घ्यावेत. नोंदवहीचाच पत्ता हरवला, तर ती उघडणार कोण?

दुसरी पायरी: कॉन्सुलचे तीन सर्व्हर

कॉन्सुलचे सर्व्हर राफ्ट या पद्धतीने आपसांत एकमत करतात आणि त्यासाठी बहुमत जिवंत असावे लागते. तीन सर्व्हरमधील एक गेला तरी काम चालते, पाचांतील दोन गेले तरी चालते. दोनच सर्व्हर ठेवले, तर त्यांतील एक जाताच बहुमत मोडते, म्हणजे खर्च दुप्पट होतो आणि सुरक्षितता एका सर्व्हरइतकीच राहते. लहान जागेसाठी तीन हा योग्य आकडा आहे. मात्र ही तीन आभासी यंत्रे एकाच लोखंडी पेटीत ठेवू नयेत, आणि शक्य असेल तर तिघांनाही एकाच यूपीएसवर जोडू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडमधील खोलीत, वीज आणि उष्णता हीच बिघाडाची दोन मोठी कारणे असतात, आणि ती पेटीगणिक येतात.

प्रत्येक सर्व्हरच्या सेटिंग फाइलीत पुढील गोष्टी हव्यात: हा सर्व्हर आहे असे सांगणारी ओळ, माहिती साठवण्याची डिरेक्टरी, 'बूटस्ट्रॅप एक्स्पेक्ट' या नावापुढे ३ हा आकडा, 'रिट्राय जॉइन' या यादीत तिन्ही सर्व्हरचे पत्ते आणि 'बाइंड अॅड्रेस' म्हणून त्या यंत्राचा स्वतःचा पत्ता. ही शेवटची ओळ अनेक जण गाळतात. यंत्रावर एकाहून अधिक खासगी पत्ते असतील, आणि डॉकर बसवले की बहुधा ते असतातच, तर कॉन्सुल कोणता पत्ता घ्यावा हे न कळल्याने सुरूच होत नाही. आपसांतील संदेश गुप्त ठेवण्यासाठी कॉन्सुलच्या 'कीजेन' आदेशाने एक किल्ली तयार करून तीच सर्व यंत्रांच्या 'एन्क्रिप्ट' सेटिंगमध्ये घालावी. हे पहिल्याच दिवशी करावे, कारण चालत्या यंत्रणेत ती नंतर घालणे बरेच कटकटीचे असते.

फायरवॉलमध्ये सर्व्हरसाठी ८३०० हे पोर्ट टीसीपीवर, सर्व यंत्रांसाठी ८३०१ हे टीसीपी आणि यूडीपी (नेटवर्कवर माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती) या दोन्हींवर उघडावे. ८३०१ यूडीपीवर उघडायचे राहिले, तर दिसणारे लक्षण फसवे असते: यंत्रे एकमेकांना सापडतात, सर्व ठीक वाटते, आणि मग कोणतेही यंत्र अधूनमधून 'बंद' दिसून पुन्हा 'चालू' होते. ८५०० हे एचटीटीपीचे आणि ८६०० हे डीएनएसचे पोर्ट मूळ सेटिंगमध्ये त्या यंत्रापुरतेच उघडे असते. ते तसेच राहू द्यावे.

तिन्ही सर्व्हर सुरू झाल्यावर 'कॉन्सुल मेंबर्स' हा आदेश द्यावा. तिघेही 'अलाइव्ह' दिसले पाहिजेत. त्यानंतर 'कॉन्सुल ऑपरेटर राफ्ट लिस्ट-पीअर्स' या आदेशात एक 'लीडर' आणि दोन 'फॉलोअर' दिसले, की ही पायरी झाली.

तिसरी पायरी: प्रत्येक यंत्रावर एजंट

सेवांच्या तिन्ही यंत्रांवर आणि प्रॉक्सीच्या यंत्रावरही कॉन्सुलचा एजंट, म्हणजे त्या यंत्रापुरते कॉन्सुलचे काम पाहणारा प्रोग्राम, बसवावा. फाइल जवळजवळ तीच असते, फक्त 'सर्व्हर' ही ओळ नसते आणि 'बूटस्ट्रॅप एक्स्पेक्ट' नसते, आणि सेवांच्या यंत्रांचे पत्ते बदलू शकत असल्याने 'बाइंड अॅड्रेस'मध्ये ठरावीक पत्ता न लिहिता यंत्राचा त्या वेळचा पत्ता घेणारा साचा लिहावा. सेवांनी थेट सर्व्हरशी न बोलता आपल्याच यंत्रावरील एजंटशी बोलावे, हा नियम पाळावा. हेल्थ चेक, म्हणजे सेवेच्या प्रकृतीची तपासणी, एजंट करतो, तोही जवळून. आणि यंत्रच बंद पडले, तर बाकीच्या यंत्रांना आपसांतील संदेशांतून ते कळते व त्यावरील सर्व सेवा यादीतून बाजूला होतात.

चौथी पायरी: सेवेची नोंद आणि तिची प्रकृती

येथे थोडे थांबून विचार करावा, कारण उरलेली सर्व यंत्रणा या पायरीवर उभी आहे.

सेवेच्या नोंदीत तिचे नाव, त्या विशिष्ट प्रतीची (एकच सेवा अनेक ठिकाणी चालते, त्यांतील एकीची) ओळख, पोर्ट आणि हेल्थ चेक असते. नाव सर्व प्रतींचे एकच राहते. ओळख मात्र प्रत्येक प्रतीची वेगळी हवी. एकाच यंत्रावर साठ्याच्या दोन प्रती ८०८१ आणि ८०८२ या पोर्टांवर चालत असतील आणि ओळख एकच दिली असेल, तर दुसरी नोंद पहिलीला पुसून टाकते आणि अर्धे बळ गुपचूप वाया जाते. सेवा कंटेनरमध्ये असेल, तर नोंदीत कंटेनरचा आतला पत्ता, म्हणजे १७२ ने सुरू होणारा, देऊ नये. प्रॉक्सी दुसऱ्या यंत्रावर असल्याने त्याला तो दिसणार नाही. यंत्राचा पत्ता आणि बाहेर उघडलेले पोर्ट द्यावे.

हेल्थ चेकसाठी एचटीटीपीचा प्रकार निवडावा. कॉन्सुल २०० च्या घरातील कोणतेही उत्तर निरोगी मानतो, ४२९ आल्यास इशारा देतो आणि बाकी सर्व उत्तरांना गंभीर स्थिती समजतो. इशाऱ्याच्या स्थितीतील प्रत डीएनएसच्या उत्तरात राहते, गंभीर स्थितीतील प्रत वगळली जाते. नव्याने नोंदलेली प्रत सुरुवातीला गंभीरच धरली जाते आणि पहिली तपासणी पार पडल्यावरच यादीत येते, ही फार उपयोगाची गोष्ट आहे, कारण अर्धवट जागी झालेल्या सेवेकडे त्यामुळे काम जात नाही. आम्ही तपासणी दर १० सेकंदांनी करतो आणि उत्तरासाठी २ सेकंद थांबतो. एका चुकार अपयशावरून प्रत काढली जाऊ नये म्हणून 'फेल्युअर्स बिफोर क्रिटिकल' या सेटिंगने सलग अपयशांची अट घालता येते.

तपासणीच्या मार्गावर सेवेने नेमके काय पाहावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. सेवेने स्वतःपुरते पाहावे: आपण विनंती स्वीकारू शकतो का, आपल्या उघड्या जोडण्या (कनेक्शन पूल) सर्व अडकून पडल्या आहेत का, आपली सेटिंग वाचली गेली आहे का. सामाईक डेटाबेसला प्रश्न विचारून त्याच्या उत्तरावर आपली प्रकृती ठरवू नये. डेटाबेस पाच सेकंद मंदावला, की सर्व सेवांच्या सर्व प्रती एकाच क्षणी 'आजारी' ठरतात, यादी रिकामी होते आणि ज्या विनंत्यांना डेटाबेस लागतच नव्हता, त्यांनाही ५०३, म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही', मिळू लागते. एका माणसाला पडसे झाले म्हणून अख्ख्या पेठेला कुलूप लावण्यासारखे ते होते.

दुसरी अट लेखाच्या आरंभीच्या प्रसंगातून आली आहे. तपासणीच्या मार्गात सेवेचे नाव असावे आणि उत्तराच्या मजकुरातही असावे. साठ्याच्या सेवेचा मार्ग 'साठा/प्रकृती' असा असेल, तर त्या पत्त्यावर चुकून बिलाची सेवा येऊन बसली तरी ती ४०४ देईल आणि यादीत शिरणार नाही. एवढी एक ओळ तेव्हा असती, तर तो पडदा लाल झाला असता.

'डीरजिस्टर क्रिटिकल सर्व्हिस आफ्टर' या सेटिंगविषयी सावध राहावे. ठरलेला काळ सेवा गंभीर राहिली, तर तिची नोंदच काढून टाकणारी ही सोय आहे आणि तिची किमान मर्यादा १ मिनिट आहे. ज्या सेवा सुरू होताना स्वतः एजंटला सांगून नोंद करतात, त्यांना ती लावावी, नाहीतर मेलेल्या प्रतींच्या नोंदी साचत जातात. परंतु एजंटच्या डिरेक्टरीतील फाइलीतून नोंदलेल्या सेवेला ती लावली, तर नोंद गेल्यावर सेवा पुन्हा धडधाकट झाली तरी ती आपोआप परत येत नाही. एजंट पुन्हा सुरू करावा लागतो किंवा त्याला फाइली पुन्हा वाचायला सांगावे लागते. रात्री दोन वाजता हे शोधत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पाचवी पायरी: डीएनएसला विचारून पाहणे

प्रॉक्सी जोडण्यापूर्वी, प्रॉक्सीच्या यंत्रावरूनच 'डिग' या साधनाने स्थानिक एजंटला ८६०० पोर्टवर 'साठा.सर्व्हिस.कॉन्सुल' या नावाची एसआरव्ही नोंद विचारावी. साध्या ए नोंदीत फक्त पत्ता असतो. एसआरव्ही नोंदीत पोर्टही असते, आणि एका यंत्रावर दोन प्रती चालवायच्या असतील तर तेच हवे. उत्तरात जितक्या निरोगी प्रती तितक्या ओळी दिसल्या पाहिजेत. आता एक प्रत बंद करावी, १० ते १५ सेकंद थांबावे आणि पुन्हा विचारावे. ती ओळ गेली असेल, तरच पुढे जावे. न गेल्यास प्रॉक्सीत चूक शोधू नये. ती चौथ्या पायरीत आहे.

यंत्रावरील इतर प्रोग्रामांनाही ही नावे कळायला हवी असतील, तर डीएनएस-मास्क या स्थानिक डीएनएस प्रोग्राममध्ये फक्त 'कॉन्सुल' या शेपटाची नावे १२७.०.०.१ वरील ८६०० पोर्टकडे पाठवण्याची एक ओळ पुरते. बाकीची नावे नेहमीच्या वाटेने जाऊ द्यावीत.

सहावी पायरी: प्रॉक्सी

एचएप्रॉक्सीत, २०१७ साली आलेल्या १.८ या आवृत्तीपासून, 'सर्व्हर-टेम्प्लेट' ही सोय आहे. नेहमीच्या फाइलीत आपण एकेक सर्व्हर पत्त्यासह लिहितो. येथे त्याऐवजी 'साठ्यासाठी दहा रिकाम्या जागा ठेव आणि त्या या एसआरव्ही नावावरून भर' असे एकाच ओळीत सांगतो. दिवाळीच्या आधी मागणी वाढली आणि आपण साठ्याच्या तीनऐवजी सहा प्रती केल्या, तर प्रॉक्सीच्या फाइलीला हात न लावता नव्या प्रती आपोआप जागा घेतात. जागा मात्र दहाच असतील, तर अकराव्या प्रतीला काम मिळत नाही, म्हणून लागतील त्याच्या दुप्पट जागा ठेवाव्यात.

एसआरव्ही नावाचे रूप नीट लक्षात घ्यावे: अंडरस्कोर आणि सेवेचे नाव, मग टिंब, मग अंडरस्कोर आणि टीसीपी, आणि त्यापुढे 'सर्व्हिस.कॉन्सुल'. त्याच ओळीत तीन गोष्टी जोडाव्यात. आयपीव्ही४ पत्त्यांना पसंती. एकाच पत्त्यावरील अनेक प्रतींना परवानगी, जिच्याविना एका यंत्रावरील दुसरी प्रत गाळली जाते. आणि 'चेक' हा शब्द.

'रिझॉल्व्हर्स' या विभागात स्थानिक एजंटचा पत्ता आणि ८६०० पोर्ट लिहावे. 'अॅक्सेप्टेड पेलोड साइझ' ८१९२ करावे. साध्या यूडीपी डीएनएस उत्तराची मर्यादा ५१२ बाइटची असते, आणि एसआरव्हीच्या पाच-सहा ओळी तिच्यात मावत नाहीत. मग उत्तर कापले जाते, दर वेळी वेगळ्या ओळी येतात आणि धडधाकट प्रती आत-बाहेर करत राहतात. आम्ही हा खेळ दोन दिवस पाहिला आणि तोवर दोष नेटवर्कच्या केबलला देत होतो. याच कारणासाठी 'होल्ड ऑब्सोलीट' ३० सेकंद ठेवावे. मूळ सेटिंगमध्ये ते शून्य असते, म्हणजे एका उत्तरात नाव दिसले नाही की प्रत तत्काळ बाहेर. 'होल्ड व्हॅलिड' ५ सेकंद पुरे. कॉन्सुलकडून उत्तरच न आल्यास जुनी माहिती किती वेळ खरी धरायची, हे 'होल्ड टाइमआउट' ठरवते. तेथे मी काही मिनिटे देतो. नोंदवही थोडा वेळ उघडता आली नाही, म्हणून चालते माग थांबवायचे नसतात.

यावर कोणी म्हणेल, की मेलेली प्रत ३० सेकंद यादीत राहिली, तर ग्राहकाला चुका दिसणार नाहीत का? येथेच एचएप्रॉक्सीची स्वतःची तपासणी कामाला येते. मूळ सेटिंगमध्ये ती दर २ सेकंदांनी होते, सलग ३ अपयशांनंतर प्रत बाजूला काढते आणि सलग २ यशांनंतर परत घेते. म्हणजे बंद पडलेली प्रत साधारण ६ सेकंदांत कामातून निघते, नोंदवहीतून तिचे नाव केव्हाही जावो. प्रती कोण कोण आहेत हे कॉन्सुलने सांगावे आणि या क्षणी काम कोणाला द्यावे हे प्रॉक्सीने स्वतःच्या तपासणीवरून ठरवावे, अशी ही वाटणी आहे. एचएप्रॉक्सीच्या तपासणीत उत्तराच्या मजकुरात विशिष्ट शब्द असलाच पाहिजे, अशी अट 'एचटीटीपी-चेक एक्स्पेक्ट स्ट्रिंग' ने घालता येते. तेथे सेवेचे नाव लिहावे.

मधल्या ६ सेकंदांतील विनंत्यांसाठी 'ऑप्शन रीडिस्पॅच' चालू करावे, म्हणजे जोडणीच न जुळल्यास विनंती दुसऱ्या प्रतीकडे जाते. मूळ सेटिंगमध्ये असे पुनःप्रयत्न जोडणी न जुळण्यापुरतेच असतात, आणि ते योग्यच आहे. 'रिट्राय-ऑन' वापरून उत्तर अर्धवट आले तरी पुन्हा पाठव असे सांगता येते, पण मागणी नोंदवणाऱ्या पोस्ट विनंतीला ते कधीही लावू नये. पहिल्या प्रतीने मागणी लिहून घेतली असेल आणि फक्त उत्तर हरवले असेल, तर एका व्यापाऱ्याच्या नावावर पाचशे चादरी दोनदा चढतात.

एचएप्रॉक्सीऐवजी एन्जिनएक्स हा प्रॉक्सी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अपस्ट्रीममध्ये, म्हणजे मागच्या सर्व्हरांच्या यादीत, लिहिलेले नाव तो सुरू होताना किंवा रीलोड होताना एकदाच सोडवतो, म्हणजे त्याचा पत्ता काढतो, आणि तोच पत्ता धरून बसतो; डीएनएसमधील उत्तर बदलले तरी त्याला ते कळत नाही. सर्व्हरच्या ओळीतील 'रिझॉल्व्ह' हा शब्द पूर्वी फक्त सशुल्क आवृत्तीत चालत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.२७.३ पासून तो खुल्या आवृत्तीतही आहे, आणि त्यासाठी अपस्ट्रीमला 'झोन' व 'रिझॉल्व्हर' या ओळी द्याव्या लागतात. एसआरव्हीसाठी 'सर्व्हिस' हा शब्दही त्याच वेळी खुला झाला. याहून जुनी आवृत्ती असेल, तर कॉन्सुल-टेम्प्लेट हे साधन नोंदवहीतील बदलावरून फाइल नव्याने लिहून एन्जिनएक्सला रीलोड करू शकते. तो मार्ग चालतो, पण सेवा वारंवार वर-खाली होत असतील तर रीलोडही वारंवार होतात; त्यासाठी टेम्प्लेटमध्ये किमान थांबण्याचा काळ द्यावा.

सेवांनी एकमेकींना हाक मारतानाही शक्यतो याच प्रॉक्सीच्या आतील बाजूने जावे. जावाची यंत्रणा सोडवलेले नाव साधारणपणे ३० सेकंद मनात ठेवते आणि उघडी जोडणी तर त्याहून कितीतरी जास्त काळ जुन्या पत्त्याशी बांधलेली असते. प्रत्येक भाषेतील असे बारकावे सांभाळत बसण्यापेक्षा एका जागी सांभाळणे बरे.

सातवी पायरी: निरोप घेण्याची रीत

नवी आवृत्ती चढवताना जुनी प्रत बंद करावी लागते आणि बहुतेक ठिकाणच्या ५०२ (मागच्या सेवेकडून नीट उत्तर न आल्याच्या) या चुका त्याच वेळी येतात. क्रम असा असावा. आधी 'कॉन्सुल मेंट' या आदेशाने ती प्रत देखभालीत टाकावी, म्हणजे डीएनएसमधून तिचे नाव जाते. त्याच वेळी सेवेच्या प्रकृतीच्या मार्गाने ५०३ द्यायला सुरुवात करावी, पण बाकीच्या विनंत्यांना उत्तरे देणे चालू ठेवावे. १० ते १५ सेकंद थांबावे. तोवर एचएप्रॉक्सीने तिला काम देणे बंद केलेले असते. मग हातातील विनंत्या पूर्ण करून सेवा बंद व्हावी. नवी प्रत सुरू झाल्यावर देखभालीची खूण काढायला विसरू नये. ती चढवण्याच्या स्क्रिप्टमध्येच लिहून टाकावी.

हा वेळ मिळण्यासाठी भोवतालची यंत्रणाही तयार हवी. डॉकर कंटेनरला थांबण्याचा संदेश दिल्यावर १० सेकंदच वाट पाहतो आणि मग त्याला सक्तीने मारतो. ही मुदत ४० सेकंद करावी. लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीत ती मुळातच ९० सेकंद असते. आणखी एक नेहमीचा घोळ असा, की कंटेनरमधील पहिली प्रक्रिया ही शेल स्क्रिप्ट असते आणि ती थांबण्याचा संदेश आपल्या पोटातील प्रोग्रामला पोहोचवतच नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत 'एक्झेक' लावल्याने तो प्रश्न सुटतो.

आठवी पायरी: कुलूप

कॉन्सुल मूळ सेटिंगमध्ये सर्वांना सर्व काही करू देतो. एसीएल, म्हणजे परवानग्यांची व्यवस्था, चालू करून मूळ धोरण 'डिनाय' करावे आणि प्रत्येक एजंटला व सेवेला तिच्यापुरता टोकन (ओळखीची किल्ली) द्यावा. हे केल्या क्षणी डीएनएसची उत्तरे रिकामी येऊ लागली, तर घाबरू नये: निनावी टोकनला सेवा आणि यंत्रे वाचण्याची परवानगी दिली, की ती परत येतात. ८५०० हे पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नये, आणि प्रकृतीचे मार्ग प्रॉक्सीच्या बाहेरच्या दारातून बंद करावेत. प्रॉक्सी एकच असेल तर तोच गेल्यावर सर्व जाते, म्हणून दुसरे यंत्र घेऊन कीपअलाइव्हडी या साधनाने दोघांमध्ये एक तरंगता पत्ता, म्हणजे जे यंत्र चालू आहे त्याच्याकडे आपोआप जाणारा पत्ता, ठेवावा.

नववी पायरी: रंगीत तालीम

सर्व जुळल्यावर, कामाची वेळ संपल्यानंतर आणि कारखान्याला आधी कळवून, तालीम करावी. एका लॅपटॉपवरून प्रॉक्सीच्या पत्त्यावर दर सेकंदाला साठ्याची एक विनंती पाठवत राहावे आणि प्रत्येक उत्तराचा कोड व वेळ फाइलीत लिहावा. दुसऱ्या खिडकीत एचएप्रॉक्सीचे आकडेवारीचे पान उघडे ठेवावे. मग एकेक करून पुढील गोष्टी कराव्यात आणि प्रत्येकीनंतर दोन मिनिटे थांबावे: एक प्रत रीतसर बंद करणे, एक प्रत सक्तीने मारणे, सेवेच्या एका यंत्राची वायर काढणे, कॉन्सुलचा एक सर्व्हर बंद करणे, त्यानंतर दुसराही बंद करणे, म्हणजे बहुमत मोडून पाहणे. रीतसर बंद करताना एकही चूक दिसता कामा नये. सक्तीने मारताना एखाददुसरी चालेल. बहुमत मोडल्यावर नव्या नोंदी थांबतील, पण चालू सेवांकडे जाणाऱ्या विनंत्या 'होल्ड टाइमआउट'च्या मुदतीत तशाच चालू राहिल्या पाहिजेत.

शेवटी मेन स्विच खाली करावा. आम्ही हे एका रविवारी केले. राउटरसकट सर्व बंद केले, पाच मिनिटांनी स्विच वर केला आणि कोणत्याही कळफलकाला हात न लावता पाहत राहिलो. प्रॉक्सी सर्वांत आधी जागा झाला. त्याच्या दहाही जागा रिकाम्या होत्या आणि प्रत्येक विनंतीला ५०३ मिळत होते. मग कॉन्सुलने लीडर निवडला. २२ क्रमांकाच्या यंत्राला या वेळीही दुसराच पत्ता मिळाला होता, तो त्याने स्वतःच नोंदवला. आकडेवारीच्या पानावर साठ्याच्या तीन ओळी एकामागून एक हिरव्या झाल्या, मग बिलाच्या दोन, मग रवानगीच्या, आणि लॅपटॉपवरील फाइलीत २०० च्या ओळी पुन्हा सुरू झाल्या. त्या फाइलीतील पहिले ५०३ आणि पहिले २०० यांमधील वेळ वहीत लिहून ठेवावी; यंत्रे किंवा सेटिंग बदलली की हीच तालीम पुन्हा करून तो आकडा वाढला तर नाही ना, हे ताडून पाहता येते.